रातचं पाणी बघून ठरवलेली जागा

वाचनालयातल्या मुलांना समुद्रकाठी मुक्कामाला न्यायचं, हे दिवाळीच्या आधीच ठरलं होतं. मुलं १८, वयं ८ ते १३, दोन रात्री, आणि झोपायचं तंबूत. हॉटेल मुद्दाम नको होतं. आमच्या ठाण्याच्या मुलांनी समुद्र पाहिलेला असतो, पण तो संध्याकाळचा, माणसांच्या गर्दीतला. दिवे मालवल्यावर त्याचा आवाज कसा येतो, हे त्यांतल्या एकानंही ऐकलेलं नव्हतं. तेवढ्यासाठीच हे शिबिर.

मोठी माणसं चार: मी, माझी सहकारी, वाचनालयात रोज येणारे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, ज्यांना लहानथोर सगळे ‘सर’च म्हणतात, आणि एका मुलाची आई, जी परिचारिका आहे. ठिकाण अलिबागच्या आसपासचं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मांडव्यापासून काशीदपर्यंत एवढे किनारे दुसरीकडे कुठे एका रांगेत मिळणार? जागा शोधायला एखादा रविवार पुरेल, असं मी धरलं होतं. सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत मला जे कळलं, ते मुलांना घेऊन जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात सगळ्यांसारखी फोनवरच्या फोटोंनी झाली. निळे-नारिंगी तंबू, दिव्यांच्या माळा, शेकोटी, मावळता सूर्य. दहा ठिकाणांचे फोटो पाहिल्यावर ती सगळी एकच जागा वाटायला लागली. दर माणशी बाराशेपासून अठराशेपर्यंत, त्यात रात्रीचं जेवण, बार्बेक्यू आणि सकाळचे पोहे. तंबूपासून समुद्र किती लांब, असं विचारलं की प्रत्येक जण मोठ्या अभिमानानं सांगायचा, “मॅडम, एकदम बीचटच!” मलाही तेव्हा तेच हवं होतं.

सरांनी ते फोटो चष्मा सारून दोनदा पाहिले आणि म्हणाले, “यात संडास कुठे आहेत? विहीर कुठे आहे? रुग्णवाहिका आली तर ती कुठपर्यंत येईल?” एकाही फोटोत यातलं काही नव्हतं. त्या दिवशी आम्ही वहीत प्रश्न लिहून काढले आणि त्याच प्रश्नांनी सगळीकडे फोन केले. २२ माणसांना संडास किती? पिण्याचं पाणी विहिरीचं की जारचं? रात्री गाणी किती वाजता बंद होतात? त्या रात्री तिथे दुसरे कोण असतील? राखणीला रात्रभर माणूस असतो का? या प्रश्नांवर निम्मी ठिकाणं आपोआप गळली. गाण्यांच्या प्रश्नावर एकानं सरळ सांगितलं, “शनिवारी आमच्याकडे पहाटे दोनपर्यंत चालतं, तुम्ही मुलांना घेऊन येऊ नका.” त्याचे मी मनापासून आभार मानले.

राहिलेल्या चार जागा बघायला सर आणि मी एका रविवारी पहाटे निघालो. पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड. आधी सगळ्यांत लांबच्या काशीदला जायचं आणि मग एकेक जागा बघत अलिबागकडे परतायचं, असा बेत होता.

काशीदची वाळू पांढरी, समुद्र मोकळा. गाडीतून उतरल्या उतरल्या मन तिथेच राहिलं. पण सर कडेकडेनं चालत गेले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात चार पावलं टाकली आणि परत आले. “उतार बघ,” म्हणाले. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेत होती. थोड्याच अंतरावर मोठ्या माणसाच्या कमरेइतकं पाणी म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून. १ फेब्रुवारी २०१६ ला इथून जवळच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती तर कॉलेजची मुलं होती. मुलांना पाण्यात सोडायचंच नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. पण किनाऱ्यावर दोन दिवस राहणारं मूल एकदा तरी नजर चुकवून पाण्याकडे धावणारच, हे धरून चालावं लागतं. धावलं तर पुढे काय आहे, ते पाहायचं. शिवाय अलिबागचं जिल्हा रुग्णालय इथून सुमारे ३० किलोमीटर, तेही वळणावळणाच्या एकेरी रस्त्यानं. काशीद वहीतून खोडलं.

रेवदंड्याची जागा पोर्तुगिजांच्या जुन्या कोटाच्या भिंतीला लागून होती. समोर कोर्लईचा किल्ला, मध्ये कुंडलिकेचं मुख. इतिहास शिकवायला याहून चांगला वर्ग मिळाला नसता, आणि सरांचे डोळे तो कोट बघून चमकले होते, हे मी पाहिलं. पण नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीच्या वेळी पाण्याला जी ओढ असते, ती वरून दिसत नाही. इथे दिवसा यायचं, मुक्काम करायचा नाही, असं ठरलं. नागावला किनारा सपाट, उथळ, मुलांना योग्य. पण वाळूवर चारचाकी मोटारी, घोडागाड्या आणि पाण्यात स्कूटर. एका गाडीवाल्यानं अगदी आमच्या बाजूनं गाडी वळवली तेव्हा मी दचकून सरांचा हात धरला. संध्याकाळी हे सगळं थांबतं, असं तिथल्या दुकानदारानं सांगितलं. तरी मन घेईना.

आक्षीला पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. आक्षी अलिबागपासून जेमतेम पाच किलोमीटर. काठानं सुरूचं बन, त्यापुढे लांबच लांब ओलसर वाळू, आणि त्या वाळूवर कुरव पक्ष्यांचा थवा. तंबूंची जागा सुरूच्या झाडांना लागून, अगदी पुढे, वाळूवरच. संडास चार आणि स्वच्छ. मालक तरुण, बोलायला नम्र. वद्य पंचमीचा दिवस होता. सर मूळचे गुहागरचे, त्यांना किनाऱ्यावरचा जुना हिशेब पाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे आत्ता पूर्ण भरती. आम्ही दोघांनी पाणी बघितलं. लाट जिथून परत फिरत होती तिथून पहिला तंबू चांगला ४० पावलं लांब होता. मी स्वतः मोजली.

“झालं तर,” मी म्हटलं, “भरतीला इतकं लांब, म्हणजे काळजी नाही.” सरांनीही मान हलवली. मालकानं ५००० रुपये आगाऊ मागितले, मंगळवारपर्यंत पाठवते म्हणून मी सांगितलं.

मग आम्ही गावातला शिलालेख बघायला निघालो. वाचनालयाची मुलं आक्षीला आणायची तर त्यासाठीच आणावीत, असा तो दगड आहे. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली मराठी अक्षरं. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. अनेक अभ्यासक त्याला मराठीतला आजवर सापडलेला सगळ्यांत जुना शिलालेख मानतात. त्यात केसीदेवरायाला ‘पसीमसमुद्राधीपती’ म्हटलं आहे. पश्चिम समुद्राचा अधिपती! ज्या समुद्राकाठी मुलं झोपणार, त्याचंच नाव हजार वर्षांपूर्वीच्या मराठीत. माझ्या अंगावर काटा आला.

वाटेत एका घरापुढे एक मावशी मासळी निवडत बसल्या होत्या, शेजारी बांबूंवर बोंबील वाळत होते. शिलालेखाकडे कुठून जायचं ते विचारलं. कशाला आलात, कुठे उतरलात, अशी चौकशी त्यांनी केली. मी सगळं सांगितलं: १८ मुलं, तंबू, सुरूच्या पुढची ती जागा. त्यांचे हात थांबले.

“कवा आनताय पोरांना?”

“डिसेंबरात. नाताळच्या सुट्टीत.”

“आनि पानी कवा बघितलंत?”

“आत्ताच. भरती पूर्ण होती की. ४० पावलं लांब आहे.”

“बाय, ही पंचमीची भरती. ती पन दिवसाची,” त्या म्हणाल्या. “थंडीत रातचं पानी मोठं असतं, दिवसाचं ल्हान. पावसात उलटं. आमावशेला नायतर पुनवेला रातची या, मंग सांगा मला किती पावलं.”

सर तिथेच एका दगडावर बसले. मावशींना त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, “अगं, मी ३१ वर्षं भरती-ओहोटी शिकवली. उधाण आणि भांग शिकवलं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत, म्हणून उधाण, पाणी सगळ्यांत चढतं आणि सगळ्यांत उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढणं-उतरणं दोन्ही कमी. पण दिवसाची भरती आणि रात्रीची भरती सारखी नसते, कुठल्या ऋतूत कुठली मोठी, हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही.”

घरी गेल्यावर त्यांनी मुंबई बंदराची भरतीची कोष्टकं काढून बसून ताडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. “मावशींचं शंभर टक्के खरं. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी वर्तमानपत्रात येते ना, त्यातल्या वेळा बघ. बहुतेक सगळ्या दुपारच्या आसपास. आणि डिसेंबर-जानेवारीतल्या मोठ्या भरत्या बघ. मध्यरात्रीच्या.” कारणही त्यांनी सांगितलं: चंद्र आणि सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर नसतात, उत्तरेला-दक्षिणेला कललेले असतात, त्यामुळे एका दिवसातल्या दोन भरत्यांची उंची वेगवेगळी होते, आणि ऋतू पालटला की मोठीची पाळीही पालटते. मला सगळं लगेच उमगलं असं नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली. आपण सगळे जागा बघायला दिवसा जातो, राहतो रात्री, आणि थंडीत समुद्र नेमका रात्री मोठा असतो.

आगाऊ पैसे मी पाठवले नाहीत. मालकाला फोन करून सांगितलं की आधी अमावास्येच्या सुमारास रात्री एकदा बघू, मग ठरवू. तो नाराज झाला, पण नाही म्हणाला नाही.

अमावास्येनंतरचा शनिवार. तिथी द्वितीया, म्हणजे भरती रात्री दीडला. उधाण अमावास्येनंतर एक-दोन दिवस चढतंच असतं, म्हणून हा दिवस बरोबर होता. आम्ही गावात एका घरी खोली घेतली, जेवलो, आणि साडेबाराला बॅटरी घेऊन बाहेर पडलो.

त्या रात्री तंबूंमध्ये तरुणांचा एक मोठा गट उतरला होता. स्पीकर जोरात चालू होता, त्यामुळे समुद्राचा आवाजच येत नव्हता. मला नंतर सगळ्यात जास्त तेच टोचलं. पाणी जवळ येतंय हे कानांना कळतं, पण कान मोकळे असले तर. एक वाजता लाटा जिथे होत्या तिथून पहिली रांग १५ पावलं. दहा मिनिटांनी आठ. सव्वाला पहिल्या रांगेतल्या मुलांनी आरडाओरडा करत अंथरुणं उचलली. वाळूतल्या खुंट्या ओल्या झाल्या की धरत नाहीत, त्यामुळे दोन तंबू आडवे झाले. पाणी फार नव्हतं, वीतभर असेल. पण ते सुरूच्या मुळांपर्यंत आलं, परतलं आणि पुन्हा आलं. पाचच मिनिटांत सगळ्यांनी तंबू वर ओढले. कुणाला काही झालं नाही. मालक म्हणाला, “असं वर्षातनं दोन-चार वेळाच होतं.”

मी अंधारात उभी राहून १८ मुलं मोजत होते. मनातल्या मनात, एकेकाचं नाव घेऊन. झोपेतून उठलेली, बावरलेली, चष्मे न सापडणारी. अंधारात मुलं मोजताना एक कमी भरलं तर पुढचं मिनिट कसं जाईल, हे मला कळलं. वीतभर पाणी ऐकायला फार वाटत नाही. पण घाबरलेलं मूल कुठल्या दिशेला धावेल, हे कुणालाच सांगता येत नाही.

सरांनी पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथून बाजूला, झाडांच्या ओळीत, एक जाड बांबूची काठी खोल रोवली आणि वहीत वेळ लिहिली: १ वाजून ३५ मिनिटे. तेव्हापासून आमच्यासाठी जागा निवडायची ती या काठीच्या मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींकडे गेलो. काय पाहिलं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत, “बरं झालं, आधी बघितलंत,” एवढंच म्हणाल्या आणि आम्हाला बनाच्या मागे, गावाच्या अंगाला असलेल्या एका नारळ-सुपारीच्या वाडीत घेऊन गेल्या. वाडीवाले काका-काकू म्हातारे, मुलगा मुंबईला. ती जागा तंबूंसाठी म्हणून नव्हतीच. वाडीच्या एका कडेला मोकळं अंगण होतं, तिथे पूर्वी सुपारी वाळत घालायचे. निसर्ग चक्रीवादळानं, ३ जून २०२० ला, तिथली झाडं आडवी केली आणि ती जागा तशीच उघडी राहिली. काकू सांगत होत्या, त्या दुपारी वाडीत फार थोडी झाडं उभी राहिली होती. आता नवी रोपं छातीएवढी आली आहेत.

इथे मी वेळ घेतला, आणि प्रत्येकानं घ्यावा.

पहिलं पाणी. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर जीभ लगेच सांगते, पण थोडंसं मचूळ असेल तर चहात कळतं. काकूंनी विहिरीच्या पाण्याचा चहा केला, तो छान गोड लागला. त्यांच्याकडे तूरडाळ त्याच पाण्यात शिजते का, हेही विचारलं. शिजते म्हणाल्या. तरी पिण्यासाठी पाणी उकळूनच वापरायचं ठरवलं, कारण संडासाची टाकी आणि विहीर यांमध्ये अंतर किती हे मी पाहिलं आणि ते मला पुरेसं वाटलं तरी पावसानंतरचे दिवस होते.

मग डोक्यावर काय आहे ते. फोटोत नारळाखाली लावलेला तंबू सुंदर दिसतो. प्रत्यक्षात नारळाखाली मूल झोपवू नये. वाळलेली झावळीसुद्धा वरून पडते तेव्हा जमिनीवर दणका बसतो. काकांनी शब्द दिला की शिबिराच्या आठवडाभर आधी पाडेली बोलावून अंगणाच्या कडेचे नारळ आणि वाळल्या झावळ्या उतरवून घेतील, आणि त्यांनी ते केलं. सुरूखालचीही तीच गोष्ट. त्याची मुळं वाळूत वरवर असतात आणि खाली पडलेल्या काड्यांचा थर ठिणगीनं पेट घेतो. लोक सुरूच्या बनात शेकोट्या करतात तेव्हा माझा जीव वर-खाली होतो.

जमीन मातीची, खुंटी घट्ट बसणारी. पण वाडीला रोज पाटानं पाणी देतात, म्हणजे ओल आणि डास. दोन दिवस आधीपासून त्या बाजूचं शिंपण बंद ठेवायचं ठरलं. डासांसाठी जाळीचे तंबू आणि ओडोमॉस. किनाऱ्यावर वारं असतं, डास कमी असतात, हा त्या पुढच्या जागेचा एक खरा फायदा होता, तो मी नाकारत नाही. मात्र रात्री वाडीतही वारं असतं: दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे संध्याकाळी पडतात आणि रात्री जमिनीकडून मतलई सुटते. म्हणून सरांनी तंबूंची तोंडं पश्चिमेला करायला लावली, पाठ पूर्वेला. पहाटेची थंडी पाठीवर अडते.

विंचू-सापाची चौकशी मी आडपडदा न ठेवता केली. काका म्हणाले, विंचू उन्हाळ्यात जास्त, थंडीत क्वचित. पण लाकडाच्या ढिगात हात घालू देऊ नका. आमच्यातल्या परिचारिका ताईंनी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविष आणि विंचूदंशावरचं प्राझोसिन हे औषध आहे ना, याची समक्ष खात्री केली. कोकणातल्या विंचवाच्या दंशानं पूर्वी मुलं दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि ते चित्र पालटलं. रायगडात मुलांना घेऊन जाणाऱ्यानं हे नाव माहीत करून घ्यावं. गाडी वाडीच्या दारापर्यंत येते, तिथून रुग्णालय १५ मिनिटं. आम्ही एकदा गाडी चालवून घड्याळ लावून पाहिलं.

संडास दोनच होते. २२ माणसांना दोन कमी, यात वाद नाही. समोरच्या घरच्यांनी त्यांचा एक वापरू दिला आणि सकाळच्या पाळ्या आम्ही गटागटानं लावल्या. उणीव होती ती होतीच. पण पाळी लावून संडास भागवता येतो, समुद्र पाळी पाळत नाही.

तंबू अलिबागहून भाड्यानं, जेवण काकूंच्या आणि मावशींच्या हातचं: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, मासे खाणाऱ्यांना मासे. हिशेब माणशी साधारण हजारात बसला. स्थानिक पोलीस ठाण्यात मुलांची यादी आणि आमचे फोन नंबर लेखी दिले. पालकांची सभा घेतली आणि त्यात रात्रीच्या भरतीचं सगळं सांगितलं. एका बाबांनी विचारलं, “मग समुद्राला लागून नाही का?” मी सांगितलं, “नाही. चार मिनिटं चालत. पण आवाज येतो.” तो येतो का, हे मी वाडीत रात्री उभं राहून ऐकलं होतं.

राहिली तारीख. मला वाटत होतं, भांग असेल तेव्हाच जावं, अष्टमीच्या आसपास, म्हणजे पाणी सौम्य. पण मुलांना कुलाबा किल्ल्यात चालत न्यायचं होतं. महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा, समुद्रात उभा असलेला किल्ला, आणि आत गोड्या पाण्याची विहीर! त्याची वाट ओहोटीला उघडते, पण भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरत नाही, गुडघाभर राहतंच. उधाणाच्या ओहोटीला वाट कोरडी, पण मग रात्रीचं पाणी मोठं. सरांनी पंचांग पुढ्यात घेतलं आणि मधला तोडगा काढला: शुद्ध चतुर्थी, पंचमी, षष्ठी. उधाण उतरलेलं, भांग अजून यायचा. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाला. सकाळी न्याहारी करून निघायचं, दहाच्या आधी किल्ल्यात, साडेअकराला परत काठावर. नाताळच्या सुट्टीत त्या वर्षी या तिथ्या नेमक्या बसल्या. शाळेच्या कॅलेंडरवर पंचांग ठेवून सहलीची तारीख ठरवणारे आम्ही पहिलेच असू, असं सहकारी म्हणाली. मावशींना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांच्या घरची होडी अशीच तर निघते.

मुलं आली त्या संध्याकाळी पहिलं काम काठी शोधण्याचं. ती होती, थोडी कललेली. सरांनी मुलांना तिची गोष्ट सांगितली आणि मग सगळ्यांनी तिथून वाडीच्या फाटकापर्यंत पावलं मोजली. माझी २६० भरली, सगळ्यांत लहान मुलाची ४०० च्या वर. काठीच्या पुढे मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही, हा नियम मी समजावून सांगायच्या आधीच त्यांनी आपापसात करून टाकला होता.

रात्री साडेनऊला दिवे बंद केले. आधी कुजबुज, मग खोकला, मग नुसतं ऐकणं. कुणीतरी म्हणालं, “बाई, हा सारखाच येतो का?” सारखाच येतो, म्हटलं. हळूहळू सगळे झोपले. मी झोपले नाही. दोनच्या पुढे आवाज भरदार होत गेला, जवळ आला, इतका की सुरूच्या बनातूनच येतोय असं वाटावं. चतुर्थी, तीन वाजता. मी उठून तंबूंच्या पुढून एक चक्कर मारली, प्रत्येक जाळीला कान लावला. अठराही श्वास जागच्या जागी होते. सरांच्या तंबूत बॅटरी लागली होती. तीन वाजून बारा मिनिटांनी आवाज मागे सरकायला लागला, आणि ते वहीत वेळ लिहीत होते.